लाल जीभ, लाल नखं

आमच्या घरातल्या बायकांची जीभ लाल असते, आणि बोटांची टोकंही लाल. लग्नात दहा बायका ओळीनं जेवायला बसल्या तर त्यातली आमच्या घरची कोणती हे आचारीसुद्धा ओळखेल, असं माझी आजी सांगायची. सांगताना अशी मान वळवायची की लाल जीभ आम्हांला तंजावरच्या राजवाड्यातून इनाम मिळाली असावी. तिच्या म्हणण्याप्रमाणे तसंच झालं होतं. कुणी एक खापरपणजी राणीवशात विडे करून द्यायची, राणी खूश झाली, वगैरे. त्या खापरपणजीचं नाव विचारलं की आजीला खोकला यायचा.

रीत अशी होती. मुलगी पाच वर्षांची झाली की तिच्या बोटांना मरुदाणी लावायची. मरुदाणी म्हणजे तुमची मेंदी, पण आम्ही तळहातावर वेलबुट्टी काढत नाही. मधोमध एक गोल चंद्र, आणि प्रत्येक बोटाला वरून टोपी. नख पूर्ण झाकलं पाहिजे. मुलगी न्हाती झाली की तिच्या हातात पहिला विडा द्यायचा, आणि त्यानंतर जेवणावर विडा चुकवायचा नाही. कुंभकोणमात पानाला कमी नाही, कोवळं वेत्तिलैचं, म्हणजे विड्याचं, पान दारात येतं. मी एक वेळ भाताशिवाय राहिले असेन, विड्याशिवाय नाही.

आज मी बहात्तर वर्षांची आहे. हे लिहिताना माझी जीभ फिकट गुलाबी आहे, कडेला अजून थोडी पांढरट. नखं आहेत तशी दिसताहेत, पिवळी आणि जाड. उजव्या अंगठ्याचं तर नख म्हणायचं की चिंचोका, हा प्रश्न आहे. हे कसं झालं ते सांगते. भाषेला हसू नका. मी शिकले तमिळ शाळेत, मराठी उंबऱ्याच्या आत बोलले, आणि मराठी अक्षरं पोथ्यांवरून माझी मीच गिरवली. माझी सून महाराष्ट्रातली. ती म्हणते, "आई, तुम्ही बोलता तेव्हा कुणीतरी पागोटं बांधून बोलतंय असं वाटतं." हे लिहिलेलं तिनंच तपासलंय, त्यामुळे पागोटं बरंचसं उतरलेलं आहे.

आधी घरातली माणसं सांगून टाकते, फार नाहीत. माझं लग्न माझ्या मामाशी झालं, आईच्या धाकट्या भावाशी. नाक मुरडू नका, आमच्याकडे ते चालतं, निदान माझ्या वेळेला चालायचं. मूठभर मराठी घरं, त्यांत जात बघायची, गोत्र बघायचं, मग उरतो कोण? मामा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सवयीनं "मामा" अशी हाक मारली आणि हे सवयीनं "काय गं" म्हणाले. माझी आजी एका दिवसात माझी सासू झाली. सासर कसं आहे म्हणून मला कुणी विचारलं नाही, कारण मी सगळ्या सुट्ट्या तिथेच काढल्या होत्या.

तर आजी म्हणजे सासू लाल जिभेची, आई लाल जिभेची, मी लाल जिभेची. त्या लालीखाली काय होतं हे आम्हां तिघींना माहीत होतं आणि आम्ही तिघी त्याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. जिभेवर पांढरा थर असायचा, दह्याच्या कवडीसारखा. खरवडला की खाली लालभडक, दोन दिवसांत पुन्हा दही. नखं आतून भुसभुशीत. आणि तिसरी एक गोष्ट, जी ऐकून माझी सून आता म्हणेल, "आई, हे लिहायलाच हवं का?" हवं. खाली खाज. नऊवारीच्या आत, जिथे माणसाचा हात चारचौघांत पोचत नाही तिथे. वर्षातले सहा महिने. साक्कोट्टैच्या शिवाच्या देवळात मी देवासमोर डोळे मिटून डोलत उभी असायची. बायका म्हणायच्या, हिची काय भक्ती आहे. देवाला खरं कारण माहीत होतं. त्यानंही कधी काही केलं नाही.

आम्ही या सगळ्याला उष्णता म्हणायचो. आमच्याकडे तमिळ काय, मराठी काय, जे कळत नाही ती उष्णता. मग रात्री भिजवलेली मेथी खा, मंगळवार-शुक्रवार तिळाच्या तेलानं न्हा, ताक पी, काकडी खा, नारळाचं पाणी पी. मी आयुष्यात इतकं थंड पोटात घातलंय की माझ्या डोक्यावर दूध ठेवलं असतं तर महिनाभर नासलं नसतं.

माझा मुलगा तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी कॉम्प्युटरवर काढतो. सून आडुतुरैला भाताच्या वाणांवर काम करते. कोणत्या वाणाचा बाप कोण, आजी कोण, करपा कुणाला पडतो आणि कुणाला नाही, हे तिला पाठ. ती लग्न होऊन आली तेव्हा मी मरुदाणी वाटून तयार ठेवली होती. ती म्हणाली, "तळहातावर काढा आई, नखांवर नको. मला शेतात दिवसभर मातीत हात घालायचा असतो." पान तर ती तोंडातच धरू शकत नाही. मला राग आला. तिला रीत नको होती म्हणून आला असं मी तेव्हा धरून चालले. खरं म्हणजे तिला गरज नव्हती, आणि तिची नखं गुलाबी होती, म्हणून आला.

मग नात झाली. दोन महिन्यांची असताना तिच्या तोंडात दही दिसलं.

मी एका क्षणात ओळखलं. आणि ओळखल्याबरोबर जे बोलले ते असं: "बाटली नीट उकळत नाहीस तू."

हे मी एकदा म्हटलं असतं तर चाललं असतं. मी ते नऊ वर्षं म्हटलं. शेजारणीला सांगितलं, पानवालीला सांगितलं, फोनवर बंगळूरच्या नणंदेला सांगितलं. पोरगी बाटलीची कधीच सुटली, दात पडून नवे आले, पण माझी बाटली सुटेना. सून बाटली उकळायची, चमचा उकळायची, एकदा तर मी बघितलं, ती पोरीचं लाकडी बाहुलं उकळत होती. मी मात्र टाकणखार मधात कालवून बोटानं पोरीच्या तोंडात फिरवायचे, जसं मी तिच्या बापाच्या तोंडात फिरवलं होतं. हो, त्याच्याही होतं, सहा वर्षांचा होईपर्यंत. त्याला आठवत नाही. त्याला मागच्या आठवड्यातलं आठवत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले की आठ दिवस तोंड स्वच्छ, मग पुन्हा तेच. कुणी म्हणालं आंबवलेलं बंद करा, तर सुनेनं घरात इडली-डोसा बंद केला. कुंभकोणमात इडलीशिवाय महिनेच्या महिने. मुलगा संध्याकाळी घरी आला की त्याच्या शर्टाला सांबाराचा वास यायचा आणि तो म्हणायचा, "भूक नाही, अम्मा." मग साखर बंद झाली. मग डॉक्टरांनी पोरीची साखर तपासली, रक्त तपासलं, आणि एक दिवस म्हणाले की त्या रोगाचीही एकदा तपासणी करून घेऊ, ज्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. पोरीची आणि तिच्या आईबापांची, तिघांची तपासणी झाली. कुणालाच काही निघालं नाही. पण निकाल यायचा होता त्या दिवसांत मी सुनेला विचारलं, "काही निघालं तर कुणाकडून आलं असेल ते?" आजवर मी बरंच काही बोलले आहे, त्यातलं परत गिळता आलं असतं तर हे पहिलं गिळलं असतं.

पोरगी नऊ वर्षांची झाली आणि तिला गिळवेना. भाताचा घास घेतला की छातीवर हात ठेवायची. "इथे टोचतं, आजी." आधी चपाती सुटली, मग भात, मग उरली पेज. हाताच्या काठीवरून बांगडी खांद्यापर्यंत जायला लागली. तेव्हा सुनेनं तंजावरच्या एका डॉक्टरणीकडे नंबर लावला. त्वचेचे, बुरशीचे असे चिवट रोग बघणारी तरुण बाई, दीड महिन्यानं वेळ मिळाली. सून मला म्हणाली, "आई, तिथे पोरीला आहे तसं बघतील. आता मला फक्त एवढंच हवंय की कुणीतरी नीट बघावं."

आणि मी काय केलं? आदल्या संध्याकाळी अंगणातल्या झाडाची मरुदाणी खुडली, लिंबाचा रस घालून वाटली, आणि पोरीच्या दहाही बोटांना टोप्या चढवल्या. सकाळी तिची जीभ ओल्या फडक्यानं घासून घेतली आणि तिला एक छोटा विडा दिला, न्हाण यायच्या कितीतरी आधी. मनात एकच विचार, तिथे चांगल्या घरातलं लेकरू दिसलं पाहिजे. तुम्ही फोटो काढायला जाताना पावडर लावता ना, तसं. सून घाईत होती, तिनं पोरीला रिक्षात बसल्यावर बघितलं. बहुधा तिला वाटलं, एवढ्यानं काय होणार.

डॉक्टरणीनं पोरीला म्हटलं, "आ कर." पोरीनं आ केला. लाल गुहा. डॉक्टरणीनं बोटं हातात घेतली. लाल टोप्या.

"हे कुणी केलं?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"आजीनं," पोरगी म्हणाली, आणि वर दात दाखवून हसली. दातही लाल.

डॉक्टरणीनं तोंड दोनदा धुववलं, बॅटरी मारून बघितलं, नखाच्या कडेचं थोडं खरवडून काचेवर घेतलं. मग पेन खाली ठेवून माझ्याकडे वळली; तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. "पाट्टी, गळ्याला मफलर गुंडाळून गळा दाखवायला येता तुम्ही. मी बघू काय? दहा दिवसांनी आणा. पान नाही, सुपारी नाही, घासायचं नाही. आणि हे सांगा, घरात आणखी कुणाला असं आहे? नखं, तोंड, काहीही?"

मुलगा म्हणाला, "नाही, कुणालाच नाही."

सुनेनं मान हलवली, नाही.

मी म्हटलं, "आमच्या घरात असलं काही नाही." म्हणताना हात पदराखाली घेतले.

परतीच्या बसमध्ये सून खिडकीबाहेर बघत बसली. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती, वजनाला कोंबडीएवढी. घरी येऊन चपला काढता काढता सून म्हणाली, अगदी हळू, "आई, आज तुम्ही तिचं लपवत होता, की तुमचं?"

मी म्हटलं, "मला कॉफी टाक." तिनं टाकली. दुसरं काय करणार, सून आहे. पण माझी कॉफी कशी झालीय ते मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीनं मऊ डोसा मागितला. इडली-डोसा पुन्हा सुरू झाला होता, कारण डॉक्टरणीनं त्या बंदीला हसून हात जोडले होते. पिठातली आंबवण वेगळी आणि ही बुरशी वेगळी म्हणे, बिचारीला खाऊ द्या. मी तव्यावरून पहिला डोसा काढला, दुधात कुस्करला, एक घास भरवला. तिनं तो तोंडात ठेवला, गिळायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं तो घास परत ताटात काढून ठेवला. रडली नाही. मला म्हणाली, "चांगला झालाय, आजी. मी नंतर खाते." नऊ वर्षांचं पोर माझी समजूत घालत होतं.

माझ्या आईला म्हातारपणी भात गिळता येत नव्हता. आम्ही म्हटलं, वय झालं. ती पेजेवर गेली आणि पेजेवरच संपली. त्या दिवशी तव्यासमोर उभं राहून मला तेवढंच दिसत होतं, आईचा छातीवर ठेवलेला हात. लाल टोप्यांचा.

त्या दुपारी मी विडा केला नाही.

सोपं होतं असं समजू नका. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मी पानवालीशी भांडले, तिनं पान कमी दिलं म्हणून, आणि मी घेतलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "अम्मा, तुला काय झालंय, तोंड का बंद ठेवलंयस?" मी हातानंच काही नाही म्हटलं. बहात्तर वर्षांची बाई, जिच्या तोंडाला घरात सगळे कंटाळलेले, ती गप्प बसली म्हणून घरात चिंता. पाचव्या दिवशी मी आरशात जीभ काढली. दही. कडेपासून मधापर्यंत. साठ वर्षांत मी ती अशी उघडी बघितली नव्हती. मी आरशाला म्हटलं, "ये बाई, किती दिवसांनी."

अंगठ्याच्या नखावरची मरुदाणी एवढ्यात जाणार नव्हती. ती मी कानशीनं घासून काढली. रंगही गेला आणि नखही थोडं गेलं, तसंही त्यात राखण्यासारखं काही नव्हतं.

सून हे सगळं बघत होती, कळल्याचं दाखवत नव्हती. नवव्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठा जवळ धरून बघितला, जशी ती भाताची लोंबी बघते. मग म्हणाली, "उद्या सातची बस आहे. तुम्ही येताय ना?"

"मी नाही आले तर दाखवणार काय तुम्ही?"

तंजावरला नर्स म्हणाली, पाट्टी, तुम्ही बाहेर बसा, आधी मुलीला आत घेते. मी तिला ओलांडून आत गेले आणि डॉक्टरणीसमोरच्या स्टुलावर, जिथे रोगी बसतो तिथे, बसले.

"आधी माझी," मी म्हटलं, आणि जीभ बाहेर काढली. पूर्ण. दोन्ही हात टेबलावर ठेवले, दहा बोटं पसरून. एखाद्या म्हातारीनं डॉक्टरला वेडावून दाखवावं तसं ते दिसलं असणार, कारण दारात पोरगी खुदकन हसली.

डॉक्टरीण हसली नाही. तिनं बॅटरी घेतली. बराच वेळ बघितलं. "कधीपासून?"

"जन्मापासून. माझ्या आईला होतं. तिच्या आईला होतं. ह्याला होतं," मी मुलाकडे बोट केलं, "सहा वर्षांचा होईपर्यंत. आताही ह्याच्या पायाचं नख बघा, बूट घालून हिंडतो म्हणून दिसत नाही."

"अम्मा," मुलगा म्हणाला.

"काढ बूट."

त्यानं काढला.

"आणखी काही?" डॉक्टरणीनं विचारलं. मी मुलाला बाहेर घालवलं आणि नऊवारीतलंही सांगितलं. तिनं तेही लिहिलं, चेहरा न बदलता. मग थायरॉइडची गोळी मी कधीपासून घेते हे तिनं दोनदा विचारलं. मला वाटलं हिला आता सगळंच ऐकायला मजा वाटायला लागली आहे. पण ते त्याच धाग्यातलं असू शकतं, असं ती म्हणाली.

मग वंशवृक्ष. डॉक्टरणीनं कागदावर गोल आणि चौकोन काढायला घेतले, बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आणि पाचव्या मिनिटाला अडकली. "तुमच्या सासूबाई आणि तुमच्या आईची आई, या दोघींपैकी कुणाची नखं खराब होती?"

"एकच बाई ती."

"म्हणजे?"

सुनेनं तिच्या हातातून पेन घेतलं. "मी काढते, मॅडम. मला सवय आहे, मी भाताचे काढते." आणि तिनं काढला. एक रेघ खाली आली, वळली, परत वरच्याच घरात गेली, आणि पुन्हा खाली. आमच्या दारातल्या कोलमसारखा, म्हणजे रांगोळीसारखा, दिसत होता. ज्यांना ज्यांना होतं त्यांचे गोल-चौकोन तिनं पेनानं काळे भरले. मी सांगत होते आणि ती भरत होती. आजी, आई, मी, मुलगा, पोरगी. स्वतःचा गोल तिनं कोरा ठेवला. त्या कोऱ्या गोलाकडे ती जरा जास्त वेळ बघत होती.

तेव्हा मी डॉक्टरणीला तमिळमध्ये म्हटलं, आणि सुनेला तमिळ आता माझ्याइतकंच कळतं, "अजून एक लिहा. बाटली स्वच्छ होती."

"कुठली बाटली?"

"लिहा तुम्ही. हिला माहीत आहे."

डॉक्टरणीनं लिहिलं की नाही ते मी बघितलं नाही. सून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. ते तिला खूप वेळ सापडत नव्हतं.

त्या आठवड्यात पोरीच्या घशातून दुर्बीण घालून बघितलं. दही अन्ननलिकेत खालपर्यंत होतं, म्हणून टोचत होतं. आमच्या सगळ्यांच्या रक्ताच्या नळ्या लांब कुठेतरी जनुकं वाचणाऱ्या प्रयोगशाळेत गेल्या. काही आठवड्यांनी निकाल आला आणि डॉक्टरणीनं आम्हांला पुन्हा बोलावलं.

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर सून दुरुस्त करेल. ही बुरशी प्रत्येकाच्या तोंडात, पोटात, अंगावर असते. डॉक्टरणीच्याही असते, तिनं स्वतःच सांगितलं. बुरशीला हद्दीत ठेवायला शरीरात ठरावीक पेशी असतात. आमच्या घरात एक जनुक बिघडलेलं आहे. त्याचं काम पेशीच्या आत इशारा देणं. इशारा दिला की गप्प बसायचं. आमचं गप्प बसत नाही, आणि त्या गोंधळात बुरशीवर पहारा करणाऱ्या पेशी पुरेशा तयारच होत नाहीत.

मी म्हटलं, "म्हणजे देवळात एक जण घंटा वाजवायला लागला तो थांबतच नाही, आणि त्या आवाजात भटजी नैवेद्य दाखवायचा विसरतात."

"साधारण तसंच."

"आणि हे मामाशी लग्न केलं म्हणून झालं?" हे मी विचारलं, कारण आमच्या सगळ्या नातेवाइकांना आता तेच वाटणार होतं.

"नाही. काही रोगांत दोन्ही बाजूंनी बिघडलेलं जनुक यावं लागतं, तिथे नात्यातली लग्नं महागात पडतात. याला एकाच बाजूचं पुरतं. तुमच्या यजमानांच्या तोंडात होतं का?"

"ह्यांच्या तोंडात फक्त शिव्या होत्या. जीभ स्वच्छ."

"मग ते तुमच्या आईकडून तुमच्याकडे आलं."

मला फार बरं वाटलं. ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली, आणि मामांवरचा आळ निदान या बाबतीत तरी गेला. मग लक्षात आलं की तो आळ आता सगळा माझ्याकडे आलाय. मी ते बोलून दाखवलं तर डॉक्टरीण म्हणाली, "पाट्टी, तुम्ही काय मुद्दाम दिलंत? डोळ्यांचा रंग दिला तसं हेही दिलं." मी म्हटलं, दिलं ते दिलं, पण लपवलं ते मुद्दाम.

एकाच जनुकानं मला नखांवर आणि नऊवारीत सोडलं आणि पोरीच्या घशात का उतरलं, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, ते आम्हांलाही पुरतं माहीत नाही. मला ती डॉक्टरीण त्या दिवसापासून आवडते.

पोरगी आता रोज गोळी घेते, आणि तिच्याबरोबर मीही. बहुधा बरीच वर्षं घ्यावी लागेल, मधून मधून रक्त तपासायचं, थायरॉइडवर लक्ष ठेवायचं, गोळीचा गुण कमी झाला तर दुसरी बघायची. बरं झालं असं डॉक्टरीण म्हणत नाही, आटोक्यात आहे म्हणते. मला पान आणि सुपारी कायमची बंद. इतकी वर्षं पांढऱ्या राहिलेल्या तोंडात सुपारी म्हणजे कॅन्सरला पाट मांडून ठेवण्यासारखं आहे, असं तिनं मला तोंडावर सांगितलं. पान सुटलं. भांडखोरपणा थोडा वाढला. मुलगा म्हणतो, "थोडा?"

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर पोरीनं एका सकाळी दोन डोसे खाल्ले, कुरकुरीत. तिसरा मागितला तेव्हा पीठ संपलं होतं. सून आतून म्हणाली, "भांडं खरवडून बघा ना, आई." मी बघितलं. एक वाटीएवढा निघाला. तोही तिनं खाल्ला आणि छातीवर हात ठेवला नाही. सून दारात उभी राहून बघत होती. मी रिकामं भांडं तिला दाखवलं, पीठ खरंच संपलं होतं.

गेल्या महिन्यात आमच्यातलंच एक लग्न होतं. सुनेनं माझ्या तळहातावर मरुदाणी लावली, मधोमध चंद्र, बोटं कोरी. तशीच गेले. पंगतीत शेजारी माझी मावसबहीण बसली, माझ्याच आजीची नात. सत्तरीची, जीभ लाल, बोटं लाल, सगळं रीतीप्रमाणे. माझे हात पानावर बघून तिनं चेहरा केला.

"अगं, हे काय? नखांना काय झालंय तुझ्या?"

"तुझ्या नखांना झालंय तेच," मी म्हटलं. "घरी जाऊन कानशीनं घासून बघ."

तिनं मूठ मिटली. मिटलेल्या मुठीनं रसम कसं ओरपायचं हा प्रश्न होता, तिनं रसम घेतलंच नाही. जेवण होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. विड्याचं तबक आलं तेव्हा मी ते पुढे सरकवलं आणि तिनं दोन विडे उचलले.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. आधी लग्नातल्या लाडवांना नावं ठेवली, मग जावयाला, मग हवेला. मी थांबले. शेवटी म्हणाली, "ती तुझी तंजावरची डॉक्टरीण, बाईमाणूस आहे ना?"

"आहे. जायच्या आधी दहा दिवस पान सोड. नाहीतर तिला काही दिसत नाही, आणि ती बोलते."

"दहा दिवस?" मग आवाज खाली आला. "दहा दिवस मी लोकांसमोर तोंड उघडू कशी?"

"माझ्यासमोर उघड," मी म्हटलं. "उद्या ये. डोसे करते. माझी आधी बघ, मग तुझी दाखव."

ती येणार आहे. सुनेनं तो कागद काढून ठेवलाय आणि मावसबहिणीच्या नावाचा एक गोल आधीच काढलाय, सध्या कोरा. पोरीनं पेनाचं टोपण काढून ठेवलंय. मी तिला दटावलं, पाहुणी आल्याबरोबर तिची जीभ मागायची नाही, आधी पाणी द्यायचं.